मदत हवी आहे : कंट्रोल केबलची झीज आणि पुलीचे बेअरिंग

एका लहान विमानाच्या तपासणीत एलेव्हेटरची (विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या, शेपटीवरील हलत्या पृष्ठभागाची) कंट्रोल केबल जिथे पुलीवरून वळते, नेमक्या त्याच टप्प्यात तिच्या बाहेरच्या तारा चपट्या आणि चकचकीत झालेल्या दिसत आहेत. केबल १/८ इंची, ७×१९ रचनेची (प्रत्येकी १९ तारांचे सात पेड) आहे. तिच्यावरून कापड फिरवले तेव्हा ते कुठेही अडकले नाही आणि सैल करून वाकवून पाहिल्यावरही आत गंज किंवा तुटलेली तार आढळली नाही. तापमानाच्या तक्त्यानुसार टेन्शिओमीटरने मोजलेला ताणही मर्यादेत आहे.

माझा संशय पुलीवर आहे. तिची खाच एकाच जागी खोल झिजली आहे, म्हणजे बेअरिंग अडकून केबल तिच्यावरून घासत जात असावी. झीज खाचेच्या एका कडेला असती, तर मी आधी पुली केबलच्या रेषेत आहे का, हे तपासले असते. केबल सैल असताना मात्र पुली बोटाने अगदी मोकळी फिरते. सीलबंद बेअरिंग केवळ भाराखाली अडकू शकते का, आणि केबल जागेवर असताना ते कसे पडताळावे? पुली बदलणारच आहे. परंतु तार तुटलेली नसतानाही केबल बदलावी का, हे ठरवताना देखभाल-पुस्तिकेतील मर्यादेखेरीज आपण कोणत्या खुणा पाहता, हे अनुभवी तंत्रज्ञांनी कृपया सांगावे.