माणसांना उंदीर आणि मेंढरे म्हणताना

प्रश्न (मराठीची शिक्षिका, सोलापूर)

मी नववीच्या वर्गाला शिकवते. वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीत एका विद्यार्थ्याने जॉन कॅल्हून या अमेरिकी संशोधकाच्या प्रयोगाचा दाखला देऊन ‘गर्दी वाढली की माणसाचाही उंदीर होतो’ असे ठासून सांगितले. भाषण रंगले, टाळ्याही पडल्या. परंतु यंत्रमागाच्या वस्तीतून येणारी, दोन खोल्यांच्या घरात नऊजणांत राहणारी एक मुलगी तेवढा वेळ वहीच्या पानाचा कोपरा दुमडत आणि उलगडत बसली होती, ते पाहून मला फार अपराधी वाटले. प्राण्यांच्या वागण्यावरून समाजाविषयी बोलताना मर्यादा कोठे मानावी?

उत्तर १ (प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक)

आधी तो प्रयोग पूर्ण सांगावा. जुलै १९६८ मध्ये कॅल्हून यांनी उंदरांच्या चार जोड्या एका बंदिस्त हौदात सोडल्या. अन्नपाणी मुबलक होते आणि शत्रू कोणीच नव्हता. हौदात ३,८४० उंदीर मावतील अशी सोय असताना संख्या ५६०व्या दिवसाच्या सुमारास २,२०० वर थांबली, पुढे पिल्ले जगेनाशी झाली आणि अखेर सारी वसाहत संपली. जागा शिल्लक असताना हे घडले, याकडे लक्ष द्यावे. वयात आलेल्या उंदरांना कळपात काही स्थानच उरले नाही, असा कॅल्हून यांचा अर्थ होता. एरवी असा उंदीर दुसरीकडे निघून जातो, येथे मात्र चारही बाजूंनी भिंत होती आणि ती माणसाने उभारलेली होती. भाषणांतून नेमकी ही भिंत गाळली जाते. आपल्याकडे दाटीच्या वस्तीविषयी बोलायचे असेल, तर घरभाडे, मजुरी आणि कामाच्या पाळ्या यांविषयी बोलावे लागेल.

उत्तर २ (मोहोळ तालुका)

आमचे घराणे धनगराचे. ‘मेंढरासारखी माणसे’ हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि ते मला दरवेळी खटकतात. चैत्रातल्या दुपारी उघड्या माळावर झाड नसते, तेव्हा मेंढ्या घोळका करून एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालतात आणि प्रत्येकीच्या डोक्याला दुसरीची सावली मिळते. लांडग्याची चाहूल लागताच कळप आवळून येतो, कारण लांडगा साधतो ती कडेची, मागे राहिलेली मेंढी. यात मूर्खपणा कोठे आहे? मेंढी इतर मेंढ्यांचे पन्नासएक चेहरे दोन वर्षांपर्यंत ओळखते, हे इंग्लंडमधील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले. आमच्या आजीला ते आधीच ठाऊक होते.

उत्तर ३

दोन्ही उत्तरे पटली, तरी उपमा अजिबात वापरूच नये असे मात्र मला वाटत नाही. तिच्याविना भाषा कोरडी पडेल. ज्या प्राण्याची उपमा द्यायची त्याचे खरे वागणे ठाऊक असावे, एवढाच आग्रह धरावा. ‘कळपाचा दांडगा म्होरक्या’ ही कल्पना बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून रूढ झाली. ती लोकप्रिय करण्यात ज्यांच्या पुस्तकाचा वाटा होता, त्या डेव्हिड मीच (Mech) यांनीच १९९९ मध्ये लिहिले, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले. तरीही कार्यालयांत दमदाटी करणारे आजही त्याच म्होरक्याचा आधार घेतात.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. काल मी हौदाच्या भिंतीची गोष्ट वर्गात सांगितली आणि दाटीत राहणारी माणसे एकमेकांसाठी काय करतात, ते लिहायला दिले. त्या मुलीने लिहिले: ‘काका रात्रपाळीहून सकाळी येतात. तोवर आजी एक अंथरूण गुंडाळत नाही, आणि आम्ही शाळेची तयारी बाहेर ओट्यावर करतो, म्हणजे त्यांना झोप लागते.’