ऑड्समधून खरी शक्यता काढताना बुकीचं मार्जिन कसं वाटायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फुटबॉल सामन्यांचा अंदाज बांधणारं एक छोटं मॉडेल करतोय. पैसे लावायचे नाहीत, मॉडेलची टक्केवारी बेटिंग बाजाराच्या टक्केवारीशी ताडून बघायची आहे. त्यासाठी ऑड्समधून शक्यता काढायला बसलो आणि एका जागी अडलोय.

सोपा भाग कळलाय. दशांश पद्धतीत १.२५ ऑड्स म्हणजे १०० लावले तर जिंकल्यावर मुद्दलासकट १२५ हातात. एकाला ऑड्सने भागलं की शक्यता: १ ÷ १.२५ = ८० टक्के. ब्रिटिश पद्धतीत हेच १/४ लिहितात, अमेरिकन पद्धतीत उणे ४००.

आता हा सामना बघा (आकडे मीच सोयीसाठी घेतलेत): यजमान १.२५, बरोबरी ६.००, पाहुणे १२.००. भागाकार केले की ८०, १६.६७ आणि ८.३३ येतात. बेरीज १०५! तिन्हींपैकी एकच निकाल लागणार, म्हणजे बेरीज १०० व्हायला हवी. वरचे ५ हे बुकीचं मार्जिन, म्हणजे त्याने स्वतःच्या नफ्यासाठी ठेवलेला वाटा, इथपर्यंत ठीक.

पण हे ५ कोणाच्या वाट्यातून काढायचे? बहुतेक जण सांगतात की तिन्ही आकड्यांना १.०५ ने भागा. मग ७६.१९, १५.८७, ७.९४ मिळतात. म्हणजे बुकीने तिन्ही निकालांवर सारख्याच प्रमाणात मार्जिन लावलंय असं आपण धरून चाललो. ते कशावरून? घोड्यांच्या शर्यतींच्या अभ्यासात तर १९४९ पासून दिसत आलंय की क्वचित जिंकणाऱ्या घोड्यांवर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात, म्हणजे तिथल्या ऑड्समधून निघणारी शक्यता खऱ्यापेक्षा जास्त असू शकते.

आणखी दोन रीती करून पाहिल्या. तिघांतून सारखेच १.६७ वजा केले तर ७८.३३, १५, ६.६७. तिन्ही शक्यतांना एकच घात असा दिला की बेरीज बरोबर १०० टक्के यावी, तर (घात १.०७८ च्या आसपास) ७८.६, १४.५, ६.९.

पाहुण्यांचे ७.९ की ६.९? फरक एका टक्क्याचा वाटतो, पण घाताची रीत खरी असेल तर पाहुण्यांवर लावलेल्या दर १०० मागे सरासरी १७ ते १८ बुडतात आणि यजमानांवरच्या १०० मागे दोनही नाहीत. पहिल्या रीतीने सगळीकडे सारखेच ४.७६. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं, कोणती रीत धरू आणि का?

प्रतिसाद

प्रश्न अगदी योग्य जागी पकडलात. नुसता १.०५ ने भागाकार करू नका, त्याने दुबळ्या संघाची शक्यता फुगते. बुकी मोठ्या ऑड्सवर जास्त मार्जिन ठेवतो, कारण तिथे त्याचा अंदाज थोडा जरी चुकला तरी फटका मोठा बसतो. शिवाय आतली खबर असलेला कोणी आला तर तोही तिथेच घाव घालतो. ह्युन साँग शिन या अर्थतज्ज्ञांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला याच आतल्या खबरीवरून एक सूत्र मांडलं, तेही वापरून बघा. टेनिससारखे दोनच निकाल असतील तर शिनचं सूत्र आणि तुमची सारखं वजा करायची रीत एकच उत्तर देतात. मात्र १०१ ऑड्सचा घोडा असला की सरसकट वजाबाकीत शक्यता शून्याखाली जाऊ शकते. घाताच्या रीतीत तसं कधी होत नाही. मी तीच धरली असती.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार, शून्याखाली जाण्याचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता.

आता जुन्या सामन्यांवर पडताळायचं म्हणतोय: १२ च्या आसपास ऑड्स असलेले पाहुणे खरंच किती वेळा जिंकले ते मोजायचं. पण ७ टक्क्यांच्या घटनेत एका टक्क्याचा फरक खात्रीने दिसायला, प्रमाणित त्रुटी (मोजलेली टक्केवारी योगायोगाने साधारण किती इकडेतिकडे होऊ शकते ते) अर्ध्या टक्क्यावर आणायची तर, ०.०७ × ०.९३ ÷ ०.००५ चा वर्ग म्हणजे २६०० सामने लागतात. एका लीगमध्ये इतके मिळणार नाहीत. वेगवेगळ्या लीगचे सामने एकत्र केले तर चालेल का, की प्रत्येक ठिकाणचं मार्जिन वेगळं असल्यामुळे सगळी सरमिसळ होईल? आणि ऑड्स सामना सुरू होण्याआधीचे शेवटचे घ्यावेत की पहिले जाहीर झालेले?