एसवाय बीए जपानी: स्कॉलरशिप, लँग्वेज स्कूल की इथेच शिकवायला सुरुवात?

दुपारची_डुलकी:
नमस्कार मंडळी. पुण्यात बीए जपानी करतेय, एसवायला आहे. जुलैत जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन३ सुटली (एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड), परवाच्या रविवारी एन२ देऊन आले (वाचनाचे शेवटचे दोन उतारे राहिले, त्यामुळे निकालाचं काही सांगत नाही). घरात सध्या तीन पक्ष आहेत. बाबा म्हणतात, आधी पदवी हातात घे, मग स्कॉलरशिपचं बघू. मामाच्या ओळखीचा एक एजंट आहे, तो टोकियोतल्या लँग्वेज स्कूलमध्ये प्रवेश करून देतो. कर्ज काढायचं आणि तिकडे पार्टटाइम करून फेडायचं. आणि आमच्या सेन्सेई (जपानीच्या बाई) म्हणतात, क्लासमध्ये एन५ची एक बॅच घे. मला पुढे शिकवायचंच आहे. काय करू?

भाषांतरवाली:
बाबांचा सल्ला एरवी शंभर टक्के बरोबर, पण इथे नेमका त्यानेच घात होईल. सांगते कसा.

जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या मेक्स्ट स्कॉलरशिपमध्ये (पुण्यातले जुने लोक अजून मोन्बुशोच म्हणतात) बीएवाल्यांसाठी एक खास प्रकार आहे, जपानी भाषा आणि संस्कृतीचा. आपण सगळे निक्केन म्हणतो तो. एक वर्ष जपानी विद्यापीठात, फी माफ, जाण्यायेण्याचं विमान, वर महिन्याला सध्या १,१७,००० येन. अट अशी की जाताना तू पदवीची विद्यार्थिनी असायला हवीस आणि परत आल्यावरही! अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत मागवतात, निघायचं सप्टेंबर-ऑक्टोबरात. आता बोटांवर मोज. या खेपेला अर्ज केलास तर टीवायच्या सुरुवातीला जाशील आणि येऊन टीवाय पूर्ण करशील. पुढच्या वर्षी केलास तर निघायच्या आधीच तुझी पदवी झालेली असेल, म्हणजे अपात्र. दर वर्षी माझ्याकडे टीवायची दोन-तीन हुशार मुलं मे महिन्यात विचारायला येतात आणि मला नाही म्हणावं लागतं. तेव्हा हे दोन महिने तुझे आहेत, बाकी सगळं बाजूला ठेव.

एन२च्या निकालाची वाट बघू नकोस, तो जानेवारीच्या शेवटी येईल. इथे त्यांची स्वतःची लेखी परीक्षा असते आणि मग मुलाखत. जेएलपीटीत नुसते गोल काळे करायचे असतात, बोलायचा भागच नाही. त्यामुळे एन२ झालेली मुलंसुद्धा मुलाखतीत नुसतं 'हाय, हाय' (हो, हो) करत बसतात. तिथे काय शिकणार, कशावर अभ्यास करणार, हे जपानीत सांगता आलं पाहिजे. मी सांगितलं होतं, रेल्वे स्टेशनवरच्या घोषणांमधली आदरार्थी भाषा. समोरचे गृहस्थ म्हणाले, मग करा एक घोषणा. मी लोणावळा लोकल शिवाजीनगरला पंधरा मिनिटं उशिरा आणली, केइगोमध्ये, म्हणजे त्याच आदरार्थी भाषेत, प्रवाशांची क्षमा मागून. ते हसले आणि तिथून गाडी रुळावर आली. सांगायचा मुद्दा, 'मला जपानी संस्कृतीची आवड आहे' हे वाक्य घेऊन जाऊ नकोस. ते सगळेच घेऊन येतात.

विद्यापीठांचे अभ्यासक्रम वेगवेगळे असतात, माहितीपत्रक नीट वाचून पसंती लिही. सगळे टोकियो-क्योतोकडे धावतात. मी कानाझावाला होते. कॅम्पस टेकडीवर, हिवाळाभर पाऊस नाहीतर बर्फ, पण इंग्रजीत बोलून सुटायची सोयच नव्हती, ते फार बरं झालं. एक गोष्ट मात्र घरी आत्ताच सांगून ठेव: पहिला हप्ता मिळायला महिना-दीड महिना जातो, तोवरचे पैसे आपले लागतात. आणि पुढे दर महिन्याला विद्यापीठाच्या ऑफिसात स्वतः जाऊन सही करायची. सही नाही तर त्या महिन्याचे पैसे नाहीत.

निशिकासाईकर:
मामांच्या योजनेबद्दल बोलतो, कारण टोकियोतल्या आमच्या एदोगावात अशी मुलं रोज दिसतात. विद्यार्थी व्हिसावर कामाची वेगळी परवानगी काढावी लागते आणि मर्यादा आठवड्याला २८ तास. ताशी १,२०० येन धरा, महिन्याचे साधारण १,४५,००० झाले. लँग्वेज स्कूलची फी वर्षाला सात-आठ लाख येन, म्हणजे महिन्याला साठ-पासष्ट हजार तिथेच गेले. उरलेल्या ऐंशी हजारांत खोलीचं भाडं, जेवण, विमा, फोन. मामांना विचारा, कर्जाचा हप्ता यातल्या कुठल्या खिशातून द्यायचा? मग मुलं चोरून जास्त तास करतात, कन्बिनीत (चोवीस तास उघड्या दुकानात) रात्रपाळी करून सकाळी वर्गात झोपतात, आणि व्हिसा वाढवताना पकडली जातात. एका पोराला एजंटाने 'तिकडे गेल्यावर स्कॉलरशिप मिळतेच' असं सांगितलं होतं. जासो या जपानी सरकारी संस्थेची मिळते काहींना, पण लँग्वेज स्कूलवाल्यांना ती महिन्याला ३०,००० येन, आणि तीही शाळेने शिफारस केली तर. पैसे घरचे असतील आणि नोकरीच शोधायची असेल तर लँग्वेज स्कूल वाईट नाही. बीए अर्धवट सोडून मात्र नको. पुढे नोकरीच्या व्हिसाला सहसा पदवी लागते.

डिप्लोमाधारी:
घुसखोरीबद्दल माफी. मी बीकॉम झालोय, संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी डिप्लोमा. मेक्स्टच्या यादीत टीचर ट्रेनिंग दिसलं. जपानीचा शिक्षक व्हायला ते चालेल का?

भाषांतरवाली:
नाही हो, त्या नावाने दर वर्षी कुणीतरी फसतंच. ते शाळेत पाच वर्षं नोकरी केलेल्या शिक्षकांसाठी आहे. गणिताच्या बाई, विज्ञानाचे सर असे लोक जातात. निक्केनही तुम्हाला नाही. तुमच्यासाठी मेक्स्टचाच रिसर्च हा प्रकार, वय पस्तिशीच्या आत, अर्ज एप्रिल-मेमध्ये. पण त्यात जपानीपेक्षा संशोधनाचा आराखडा बघतात. बीकॉममधल्याच विषयाचा जपानशी धागा जुळत असेल तर करा.

डुलकी, शिकवण्याचं राहिलं. बॅच घे, पण फेब्रुवारीनंतर. एन३वर एन५ शिकवता येतं, पुण्यात अर्धे क्लास तसेच चालतात. पोरं विचारतात, वाक्यात कर्त्यापुढे 'वा' लावायचा की 'गा', आणि आपण म्हणतो 'पाठ करा'. तुला तसं शिकवायचं नसेल तर एन२ पक्की कर. कॉलेजात जायचं तर एमए आणि नेट, नेटला जपानी विषय आहे. २०१७ साली जपानचे तेव्हाचे पंतप्रधान आबे आले तेव्हा भारतात पाच वर्षांत हजार जपानी शिक्षक तयार करायचं ठरलं, त्यातून २०१८ला दिल्लीत प्रशिक्षण केंद्र निघालं. जपान फाउंडेशन ही जपानी सरकारी संस्था आधीपासून शिकवत असलेल्या शिक्षकांना साइतामातल्या उरावाच्या केंद्रातही प्रशिक्षण देतं. तिथे आधी वर्गात उभं राहिल्याचा अनुभव मागतात, म्हणून ती एन५ची बॅच वाया जाणार नाही. हजेरीपट आणि क्लासचं पत्र जपून ठेव.

दुपारची_डुलकी:
ताई, दादा, खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं. ते विचारतायत, टीवायच्या मध्ये वर्षभर गेले तर कॉलेज परत घेईल का?

भाषांतरवाली:
घेतात, पण तोंडी 'हो हो, बघू' वर जाऊ नकोस. उद्याच विभागप्रमुखांना भेट. शिफारसपत्र त्यांच्याकडूनच लागणार आहे, त्याच वेळी प्रवेश कायम राहील असं लेखी माग. नाताळच्या सुट्टीत ऑफिसात कुणी सापडत नाही. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात, सूचना तिथल्या संकेतस्थळावर येते, रोज बघत जा. वैद्यकीय दाखला त्यांच्याच छापील नमुन्यावर हवा, डॉक्टरांच्या लेटरहेडवर नाही. आणि फोटोंच्या मागे नाव नि राष्ट्रीयत्व लिही.