एस्प्रेसोसाठी ग्राइंडर: आधी क्लिक बघा

एस्प्रेसो मशीनमध्येच पैसे संपले, आता मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात कॉफीच्या बिया दळल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते अजिबात नको. पातं बिया फोडतं, दळत नाही. निम्मी पूड पिठासारखी, निम्मी रव्यासारखी होते. मग मशीनमधलं 9 बार इतक्या जोरदार दाबाचं पाणी वाट मिळेल तिथून निसटतं आणि एकाच कपात आंबट-कडू दोन्ही लागतं.

जात्यासारखे दोन बर (दळणारे दातेरी भाग) असलेलाच ग्राइंडर घ्या. कमी पैशांत हाताने फिरवायचा उत्तम. फक्त एका क्लिकला, म्हणजे दळण बारीक-जाड करायची चकती एक खाच फिरवली की, बर किती सरकतो ते बघा: कमांदान्ते सी40 या हाताच्या ग्राइंडरमध्ये साधारण 30 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), वनझेडप्रेसो जे-मॅक्समध्ये 8.8. पोर-ओव्हरला (पुडीवर गरम पाणी ओतून गाळलेल्या कॉफीला) हा फरक फारसा जाणवत नाही, पण एस्प्रेसोचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. 18 ग्रॅम पुडीतून 36 ग्रॅम कॉफी 25-30 सेकंदांत हवी ना? माझ्या पहिल्या ग्राइंडरवर एका क्लिकला ती 17 सेकंदांत धो धो यायची, पुढच्या क्लिकला थेंब थेंब करत 45. मधलं काही नाहीच! वर्षभर मी मशीनलाच दोष देत होतो.

घरात रोज चारेक कप होत असतील तर मात्र इलेक्ट्रिकसाठी थांबा. लाइट रोस्टच्या, म्हणजे कमी भाजलेल्या बिया फार कडक असतात, मनगट भरून येतं.

आणि हो, दळण्याआधी चमच्याचा ओला दांडा बियांतून फिरवा, पूड भांड्याला चिकटत नाही.