माहेरघराला कुलूप आहे, ग्रामसभेत काय मांडू?

पंच_धारणी
राम राम मंडळी. धारणी तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत सदस्य आहे, पहिलीच टर्म. आमच्या आरोग्य केंद्राच्या आवारात माहेरघर आहे. गरोदर बाईनं दिवस भरण्याआधीच येऊन राहायचं, म्हणजे पावसात नाला चढला तरी घोर नको. परवा गेले तर दाराला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर खाटांवर ब्लीचिंग पावडरची पोती. विचारलं तर उत्तर, "तुमचेच लोक येत नाहीत मॅडम, अंधश्रद्धा." मी स्वतः कोरकू आदिवासी. गप्प बसले, पण जेवण गेलं नाही. पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे. पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) पैशातून काही होईल का, की पुन्हा एक जनजागृती शिबिर घ्यायचं?

आशा_भामरागड
शिबिर नको ताई. आधी बायांना विचारा, का येत नाही. आमच्या गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी दवाखाना बांधायच्या आधी गोंड लोकांना हेच विचारलं होतं. लोक म्हणाले, तुमचे डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही पांढऱ्यात प्रेत गुंडाळतो. नातेवाइकांना तुम्ही बाहेर काढता, मग पेशंटजवळ कोण? म्हणून शोधग्रामचा, म्हणजे बंग डॉक्टरांच्या संस्थेचा, दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा झाला, नातेवाईक सोबत राहतात, आणि नाव लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी.

ग्रामसेवक_निवृत्त
पैशाचं सांगतो. आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध (ठरावीक कामाचं बंधन नसलेला) निधी 2015 पासून थेट पेसा ग्रामपंचायतींना येतो. आरोग्य त्यात बसतं, पण खर्च ग्रामसभा ठरवते, सरपंच नाही. आमच्याकडे ठराव सचिवच घरी लिहून आणायचे (मीही आणलेत, आता कबूल करायला काय). तुम्ही पाड्यावर बसून, कोरकूत बोलून, तिथंच लिहून घ्या. केंद्राची जागा जिल्हा परिषदेची, तेव्हा बांधकाम असेल तर त्यांचं पत्र आधी. आणि भूमकाला, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूला, बैठकीत बोलवा. त्याला वगळलंत तर तो मागून बोलेल, आणि गाव त्याचंच ऐकेल.

पंच_धारणी
दोघांचे आभार. काल चार घरी जाऊन आले. एकीनं मलाच उलटं विचारलं, "मोठी तीन वर्षांची, तिला कुठं ठेवू? बकऱ्या कोण सोडणार?" दुसरीची सासू म्हणाली, तिथं चूल पेटवू देत नाहीत, आणि दाईला तर फाटकातूनच परत पाठवतात. देवाचं नाव एकीच्याही तोंडून आलं नाही. भूमका घरीच होता. म्हणाला, मला आजवर कोणी बोलावलंच नाही, येतो.

ठराव असा लिहितेय: आवारात चुलीची शेड, सोबत एक बाई आणि धाकटं लेकरू राहू शकेल एवढी जागा, दाईला आत प्रवेश. पोती कुठं ठेवायची ते केंद्रानं बघावं.

आशा_भामरागड
बकऱ्यांचंही लिहा ताई. हसू नका, आमच्याकडे त्याच्यावरच अडलं होतं.