मदत हवी आहे: घरातल्या जुन्या औषधांचं काय करायचं? (खानापूर तालुका)

मलप्रभाकाठ: पिशवीभर औषधं पडून आहेत. निम्म्यांची मुदत संपलीय. मेडिकलवाला परत घेत नाही. घरात लहान पोरं आहेत, आजच निकाल लावायचाय. लवकर सांगा.

टिळकवाडीकर: कसली औषधं? गोळ्या, सिरप, इंजेक्शन? नुसतं औषधं म्हटलं तर काय सांगणार?

निपाणीचा शेतकरी: परसात खड्डा काढून पुरा, नाहीतर चुलीत घाला. आमच्याकडं तसंच करतात.

शहापूरची वैनी: चुलीत अजिबात नको! पाकिटांचा धूर विषारी, इनहेलर असला तर फुटतोय. आणि पुरलं की विहिरीत झिरपणार.

चिकोडी अण्णा: जनऔषधी केंद्रातून घ्या, स्वस्त पडतात.

टिळकवाडीकर: अण्णा, त्यांना घ्यायची नाहीत, टाकायची आहेत.

मलप्रभाकाठ: बीपी-शुगरच्या गोळ्या, अँटिबायोटिक सिरप, इन्सुलिनच्या सुया. आबांना कॅन्सरच्या दुखण्यावर लावायचे फेन्टानिलचे पॅचही आहेत. आबा गेले गेल्या महिन्यात.

अथणी फार्मसी: वाईट झालं. पण पॅचचं आधी सांगायचं होतं की! वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरतं. पोराच्या अंगाला चिकटला किंवा तोंडात गेला तर श्वास बंद पडू शकतो. चिकट बाजू आत दुमडून संडासात टाका, पाणी सोडा. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेनं २०२५ साली अशी १७ औषधं सांगितलीत, मॉर्फिन आणि ट्रामाडॉल ही दुखण्यावरची कडक औषधंही त्यात आहेत. बाकीचं काही संडासात नको.

शहापूरची वैनी: आणि शोषखड्डा विहिरीजवळ असला तर?

अथणी फार्मसी: पॅच मोजके असतात. पोरांच्या जिवाचा धोका मोठा, म्हणून त्यांना सूट. अँटिबायोटिक मात्र मोरीतही ओतू नका, औषधाला न दबणारे जंतू त्यातूनही वाढतात.

निपाणीचा शेतकरी: गुरांना देत ते डायक्लोफेनॅक, दुखण्यावरचं औषध, मेलेल्या गुरांतून पोटात जाऊन गिधाडं संपत आली, २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. तेव्हा कुणी ऐकत नव्हतं.

मलप्रभाकाठ: गिधाडांचं राहू दे, गोळ्यांचं सांगा. घंटागाडी इकडं येत नाही.

टिळकवाडीकर: २०१६च्या घनकचरा नियमांत टाकाऊ औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. वेगळी बांधून तालुक्याला जाताना नगरपंचायतीच्या गाडीवर द्या. सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात, झाकणाला चिकटपट्टी मारून. पाकिटावरचं नाव खोडा.

अथणी फार्मसी: तोवर सगळं कुलपात ठेवा.

मलप्रभाकाठ: पॅच आत्ताच टाकले. इन्सुलिनच्या दोन बाटल्या फोडलेल्या नाहीत, मुदत आहे. शेजारच्या काकूंना देऊ काय?

अथणी फार्मसी: नको. इन्सुलिनचे प्रकार वेगळे असतात. शिवाय ते गार राहायला लागतं, तुमच्याकडं करंट किती वेळ जातोय? फ्रिज सलग चालू होता काय?