दोनच पक्ष असतील तर नाराज मतदाराने करायचं काय?

उंबरठा

गेले काही महिने मित्रांमध्ये यावर वाद चालू आहे, म्हणून इथे मांडतो. अमेरिकेत निवडून येण्याची खरी शक्यता दोनच पक्षांना असते. अशा ठिकाणी आपल्याच पक्षावर चिडलेल्या माणसाच्या हातात काय उरतं? समोरचा पक्ष त्याला अजिबात नको असतो. तिसऱ्याला मत दिलं तर तो निवडून येत नाही. मग बरेच जण घरी बसतात आणि ‘यांना धडा मिळेल’ असं म्हणतात.

माझ्या मते हा सगळ्यात वाया जाणारा निषेध आहे. तिथे तुम्ही मत कुणाला दिलं हे गुप्त राहतं, पण मतदानाला आलात की नाही याची नोंद होते आणि प्रचारवाले त्याच याद्या घेऊन दारोदार फिरतात. लागोपाठ दोन-तीन निवडणुका चुकवल्या की त्यांच्या लेखी तुम्ही नाराज नसता, ‘न येणारे’ असता. तुमच्या दारावर कुणी येत नाही आणि तुमचा राग कुणाच्या कानावर जात नाही.

जोर लावायचा तो प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या आतल्या निवडणुकीत, कारण पक्षाचा उमेदवार तिथे ठरतो आणि तिथे माणसं फार थोडी येतात. २०१४ मध्ये व्हर्जिनियात एरिक कँटर त्यांच्याच पक्षाच्या प्रायमरीत पडले. ते प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन बहुमताचे नेते, म्हणजे सभापतींच्या खालोखालचे. त्यांना हरवणारे डेव्ह ब्रॅट हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. सात लाखांहून जास्त वस्तीच्या मतदारसंघात मतं पडली जेमतेम ६५ हजार. ब्रॅट यांनी स्थलांतरितांच्या प्रश्नावर मवाळ म्हणून कँटर यांच्यावर झोड उठवली होती, आणि स्थलांतरितांना सवलत देणारं, सेनेटने २०१३ मध्ये मंजूर केलेलं विधेयक प्रतिनिधिगृहात मतदानापर्यंत पोचलंच नाही. त्या मतदारांचं म्हणणं मला मुळीच पटत नाही, पण त्यांनी पक्ष वळवला हे मान्य करावं लागतं.

पाणकळा

साफ असहमत. एक कँटर पडले म्हणून त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. बाकीचे शेकडो खासदार प्रायमरी जिंकून निवांत परत येतात. आणि प्रायमरीत हरलात तर पुढे काय? नोव्हेंबरमध्ये तुम्ही निमूटपणे त्याच पक्षाला मत देणार, हे पक्षाला ठाऊक असतं. जो कुठेच जाणार नाही, त्याची मनधरणी कोण कशाला करेल?

पक्ष घाबरतो तो पराभवाला. अँटी-सलून लीगने हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. दारूबंदी ही त्यांची एकच मागणी, उमेदवार कुठल्या पक्षाचा याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. १९०५ मध्ये ओहायोचे रिपब्लिकन गव्हर्नर मायरन हेरिक आडवे आले, तेव्हा लीगने चर्चला जाणारे मतदार डेमोक्रॅट उमेदवाराकडे वळवले. त्यातले कितीतरी जण एरवी पक्के रिपब्लिकन. हेरिक पडले, पण त्यांच्या पक्षाचे इतर उमेदवार निवडून आले, त्यामुळे कशासाठी पाडलं हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. १९१९ मध्ये दारूबंदीची घटनादुरुस्ती झाली. दारूबंदीचं पुढे जे झालं ते सोडा, पक्षाला वाकवायची रीत ही आहे.

वाटसरू

पाणकळा, पाडण्याची किंमत मोजतं कोण, हे तुमच्या प्रतिसादात कुठेच नाही. २००० मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडात तिसऱ्या पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७,४८८ मतं पडली आणि रिपब्लिकन बुश तिथे डेमोक्रॅट उमेदवारापेक्षा ५३७ मतांनी पुढे राहून अध्यक्ष झाले. त्यानंतर इराकचं युद्ध झालं, सर्वोच्च न्यायालयात दोन नेमणुका झाल्या. डेमोक्रॅटिक पक्ष त्यातून काय शिकला? नेडर यांच्या मागण्या मान्य करायच्या हे तर नक्कीच नाही. त्यांच्या मतदारांना दोष द्यायचा, एवढंच शिकला. आणि मतदारही घाबरले: नेडर यांना २००० मध्ये २.७ टक्के मतं होती, २००४ मध्ये अर्धा टक्काही पडली नाहीत. पक्षाचे पुढारी पुढची निवडणूक लढवायला मोकळे असतात. मधली चार वर्षं काढावी लागतात ती ज्याला सरकारची गरज आहे त्याला. मला या विषयात तटस्थ राहता येत नाही.

पाणकळा

वाटसरू, किंमत असते, नाकारत नाही. पण १९९२ पाहा. अध्यक्षपदासाठी अपक्ष उभे राहिलेल्या रॉस पेरो यांना १८.९ टक्के मतं मिळाली आणि इलेक्टोरल मत, म्हणजे राज्यांकडून मिळणारं, ज्यावर अध्यक्ष ठरतो ते, एकही नाही. तुमच्या हिशेबाने सगळी फुकट. पण सरकारी तूट हा त्यांचा मुद्दा दोन्ही पक्षांनी उचलला. क्लिंटन यांचं १९९३चं तूट कमी करणारं विधेयक प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१६ असं कसंबसं पार पडलं. १९९८ ते २००१ या वर्षांत अंदाजपत्रकात शिल्लक राहिली. याचं सगळं श्रेय पेरो यांना देणार नाही, तेव्हा अर्थव्यवस्थाही जोरात होती. पण ते उभे राहिले नसते तर तुटीची एवढी घाई कुणालाच झाली नसती.

उंबरठा

उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. पेरो यांचा मतदार मधला होता, दोन्ही पक्षांना तो आपल्याकडे येईल असं वाटत होतं. असा माणूस समोर गेला की फरक दोन मतांचा पडतो: आपलं एक कमी, त्यांचं एक जास्त. कडेचा चिडलेला माणूस घरी बसला तर फरक एकाचाच. म्हणून दोघं रुसले की पक्ष आधी मधल्याकडे धावतो. ओहायोतले ते मतदार खरोखर पलीकडे जाऊ शकत होते, म्हणून लीगची धमकी चालली. आज दुसऱ्या पक्षाला मत द्यायचं म्हटलं तरी अंगावर काटा येतो, अशा मतदाराला ती वाट बंद आहे. त्याला पक्षाच्या आत राहूनच भांडावं लागतं.

मधली वाट

मतदानाला जायचं, वरची अध्यक्षपदाची जागा कोरी ठेवायची आणि खालच्या सगळ्यांना मत द्यायचं. यादीतून नाव जात नाही आणि निषेधही नोंदला जातो. हे कुणीच सुचवलं नाही?

वाटसरू

२०१६ मध्ये मिशिगनमध्ये सुमारे ७५ हजार मतपत्रिकांवर अध्यक्षपदाची जागा कोरी होती. ट्रम्प तिथे १०,७०४ मतांनी जिंकले. त्या ७५ हजारांना काय हवं होतं, सांगता येईल का? कोऱ्या जागेवर मागणी लिहिलेली नसते.

पाणकळा

मग मागणी लिहिलेलं मत घ्या, तेही मिशिगनचंच आणि तेही उंबरठांच्या लाडक्या प्रायमरीतलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक लाखाहून जास्त लोकांनी अध्यक्ष बायडेन यांच्याऐवजी ‘अनकमिटेड’वर, म्हणजे ‘कुणालाच बांधील नाही’ या पर्यायावर, खूण केली. गाझातलं युद्ध थांबवा, ही मागणी जाहीर होती. सगळं तुम्ही सांगता तसं: पक्षाच्या आत, वेळेवर, मोजता येईल असं. तरी धोरण हललं नाही. नोव्हेंबरमध्ये पक्षाने ते राज्य सुमारे ८० हजार मतांनी गमावलं. आत राहून सांगितलेलं ऐकलं असतं तर?

उंबरठा

याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. १९६८ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत व्हिएतनाम युद्धाचे विरोधक मॅकार्थींना ४२ टक्के मतं पडली आणि तीन आठवड्यांच्या आत त्याच पक्षाचे अध्यक्ष जॉन्सन यांनी निवडणुकीतून माघार घेतली. फरक मला एवढाच दिसतो की तेव्हा मॅकार्थी नावाचा माणूस समोर उभा होता. २०२४ मध्ये मिशिगनमध्ये खूण होती, पण त्या लाखभर मतांसाठी बायडेन यांच्याविरुद्ध उमेदवार म्हणून उभं राहायला पक्षातलं एकही मोठं नाव पुढे आलं नाही. लोकांनी आपलं काम केलं होतं, कच खाल्ली ती पुढाऱ्यांनी.

वाटसरू

आणि १९६८च्या नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन निक्सन निवडून आले. युद्धातून अमेरिकी सैन्य बाहेर पडायला १९७३ उजाडलं. हेही लिहा.

खडूफळा

तुम्ही तिघंही नियम आहे तसाच धरून बोलता आहात. मेन राज्यात २०१० साली तिरंगी लढतीत पॉल लपाज जेमतेम ३८ टक्क्यांवर गव्हर्नर झाले. त्यानंतर लोकांनी सह्या गोळा करून २०१६ मध्ये जनमतातून पसंतीक्रमाचं मतदान आणलं. पहिली पसंती तिसऱ्याला आणि दुसरी आपल्या पक्षाला, म्हणजे नाराजी मोजली जाते आणि फ्लोरिडाही होत नाही.

पाणकळा

मेनमध्ये जनमताची सोय होती म्हणून जमलं. बऱ्याच राज्यांत सह्या गोळा करून कायदा आणताच येत नाही. तिथे हा नियम बदलायला कुणापुढे जायचं? त्याच दोन पक्षांपुढे.